शेपटीवर बसलेलं मिग: एका मॉडेलचं प्रकरण

स्केल मॉडेल बांधणारी माणसं एकत्र बसली की हात आणि तोंड दोन्ही चालू असतात. एकजण स्प्रूवरून (सुटे भाग धरून ठेवणाऱ्या प्लॅस्टिकच्या चौकटीवरून) भाग कापत असतो, दुसरा पॉलिश पेपर घासत असतो, आणि सगळे मिळून तिसऱ्याच्या मॉडेलबद्दल बोलत असतात. या बोलण्याने कितीतरी मॉडेलं सुधारतात, हे मी वर्षानुवर्षं पाहत आलो आहे. तरीही हे प्रकरण लिहून ठेवावंसं वाटलं, कारण यात जवळजवळ प्रत्येक सल्ला त्याच्यापुरता बरोबर होता, सल्ला मागणारा काळजीने काम करणारा होता, आणि विमान मात्र शेवटी नाक वर करून शेपटीवर बसलं. गटातल्या सगळ्यांना विचारून, नावं टाळून, घडलं तसं मांडतो आहे.

विमान आणि माणसं

मॉडेल होतं मिग-१५ बिस या सोव्हिएत बनावटीच्या जेट लढाऊ विमानाचं, १/४८ प्रमाणात. खरं विमान सुमारे १०.१ मीटर लांब, आणि पंखांचा विस्तारही जवळपास तेवढाच. म्हणजे मॉडेल दोन्ही अंगांनी २१ सेंटिमीटरच्या आसपास, वीतभर. किट जुन्या साच्याचं असलं तरी अंगाने चांगलं होतं: पॅनल लाइन कोरलेल्या, धडाचे डावा-उजवा असे दोन भाग, आणि नाकातून आत शिरणारी हवा कॉकपिटच्या दोन्ही बाजूंनी मागे नेणाऱ्या भिंती वेगळ्या दिलेल्या.

बांधणाऱ्याने निवडलेलं विमान होतं २०५७ क्रमांकाचं. कोरियातली युद्धबंदी होऊन दोन महिनेही झाले नव्हते, तेव्हा २१ सप्टेंबर १९५३ रोजी उत्तर कोरियाचा वैमानिक नो कुम-सोक हे विमान घेऊन दक्षिणेतल्या किम्पो तळावर उतरला. अमेरिकी हवाई दलाने ते ओकिनावाला नेऊन उडवून पाहिलं. उडवणाऱ्यांत प्रसिद्ध अमेरिकी चाचणी वैमानिक चक येगर होते. आज ते ओहायो राज्यातल्या डेटन इथल्या अमेरिकी हवाई दलाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. मॉडेल बांधणाऱ्याला अशा विमानाचा मोठा आधार असतो. ठरावीक एक विमान, ठरावीक तारीख, आणि त्या काळात काढलेली छायाचित्रं.

गटात पाचसहा जण नेमाने येतात. टूलरूममध्ये आयुष्य घालवलेले एक काका, ज्यांना अर्ध्या मिलिमीटरचा फरक बोटाने कळतो. एअरब्रशवर हात बसलेली एक ताई. जुनी छायाचित्रं आणि तांत्रिक पुस्तकं जमवणारा एक जण, त्याला आम्ही सगळे संदर्भांसाठी गाठतो. किटमधला भाग काढून त्या जागी रेझिनचा (ओतीव राळेचा) नाही तर फोटोएचचा (आम्लाने कोरलेल्या पातळ पत्र्याचा) सुटा भाग बसवल्याशिवाय ज्याला चैन पडत नाही असा एक हौशी. आणि हा बांधणारा, वयाने सगळ्यांत लहान. नोंदी ठेवायचं काम माझ्याकडे असतं.

चंदेरी म्हणजे कुठला चंदेरी

पहिल्या काही बैठका रंगाने खाल्ल्या. या मिग-१५ चं अंग अ‍ॅल्युमिनियमचं, वर हिरवा-तपकिरी छद्मरंग नाही, मग सोपं असायला हवं; पण उघड्या धातूच्या विमानाइतका वाद दुसऱ्या कशावर होत नसेल. समोरच्या, म्हणजे अमेरिकेच्या बाजूचं एफ-८६ सेबर घेतलं तर त्याच्या अंगावर पत्र्यागणिक छटा बदलते, तोफांच्या तोंडाजवळचा पत्रा वेगळा, शेपटीकडचा वेगळा. त्या काळच्या अनेक मिग-१५ वर मात्र उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर पारदर्शक लॅकरचा थर दिलेला असे. त्याने चमक एकसारखी आणि जरा दबलेली होते. ताईचं म्हणणं हेच होतं की सेबरसाठी वापरतो ते आरशासारखं पॉलिश इथे चालणार नाही.

संदर्भवाल्याने संग्रहालयातली रंगीत छायाचित्रं आणली. ताईने लगेच विचारलं, "हे विमान अमेरिकनांनी चाचणीसाठी स्वतःची चिन्हं लावून उडवलं, मग पुन्हा मूळ आकड्यांत आणलं. आज दिसतो तो थर १९५३ चा कसा असेल?" प्रश्न बिनतोड होता. मग किम्पोवर उतरल्यानंतरची छायाचित्रं निघाली. त्यांत रंगाचा पत्ता लागेना, पण चमकेचा लागला: आकाश पत्र्यावर पसरट दिसत होतं, आरशातल्यासारखं रेखीव नाही. ही चर्चा मला मनापासून आवडली. छायाचित्रात काय पाहायचं आणि काय पाहायचं नाही, हे त्या संध्याकाळी सगळेच शिकले.

कॉकपिटच्या रंगावरही बोलणं झालं. सोव्हिएत विमान म्हटलं की निळसर हिरवा रंग मनात येतो, पण तो नंतरच्या पिढ्यांचा. मिग-१५ ला करडा बरोबर. चाकांच्या तबकड्या हिरव्या. हे पटकन मिटलं.

याच काळात हौशी सदस्याने बांधणाऱ्याला सुचवलं की शेपटीतला जळक्या वायूचा नळ रेझिनचा घे, किटमधला फार सपाट आहे. सल्ला चांगला होता. रेझिनच्या नळात आतल्या कड्या आणि मागचा खोलपणा खरोखर दिसत होता. नळ आला, सगळ्यांनी हातात घेऊन पाहिला, कौतुक झालं, आणि बोलणं पुन्हा चंदेरी रंगाकडे वळलं.

धड बंद झालं

मधेच एका बैठकीत बांधणाऱ्याने विचारलं, "काका, नाकात वजन किती टाकू?"

सूचनापत्रकात धडाच्या चित्रात नाकाजवळ वजनाचं चिन्ह होतं, आकडा नव्हता. काका त्या वेळी दुसऱ्या कुणाची तरी सांध्याची फट पाहत होते. ते म्हणाले, "बसेल तेवढं टाक." हौशी सदस्य म्हणाला, "माझ्या मिगला थोडंसंच लागलं होतं." त्याचं मिग १/७२ चं होतं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. तिसऱ्याने सांगितलं की शिशाचे छर्रे टाकून वर पांढरा गोंद ओत, हलणार नाहीत. एका प्रश्नाला तीन उत्तरं मिनिटभरात आली आणि ताईने आणलेल्या नव्या अ‍ॅल्युमिनियम रंगाची बाटली टेबलावर फिरायला लागली.

बांधणारा घरी गेला आणि त्याने रीतसर काम केलं, हे मला ठासून सांगायचं आहे. धडाचे दोन भाग मास्किंग टेपने जोडले, पंख टेपने लावले, मुख्य चाकं येतात त्या रेषेखाली पेन्सिल धरून तोल पाहिला. कॉकपिटच्या पुढच्या पोकळीत छर्रे टाकले, नाक खाली झुकलं, पांढरा गोंद ओतला. मग पातळ सिमेंट, म्हणजे प्लॅस्टिक जोडायचा द्रव, फिरवून धड कायमचं बंद केलं. सांधा भरला, घासला, पुढच्या बैठकीला आणला. सांधा इतका सफाईदार होता की काकांनी बोट फिरवून "वा" म्हटलं. वजनाबद्दल कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही, कारण हातात इतकं चांगलं काम असताना तो प्रश्न सुचतच नाही.

पुढे आडवी शेपटी लागली, रेझिनचा नळ मागून आत बसला, चाकांचे पाय लागले. मॉडेल टेबलावर ठेवलं आणि ते सावकाश मागे झुकून शेपटीवर टेकलं.

तोल कुठे गेला

मिग-१५ ची मॉडेलं शेपटीवर बसतात ही गोष्ट या छंदात जुनी आहे. खऱ्या विमानात नाकाखाली ३७ मिमीची एक आणि २३ मिमीच्या दोन तोफा, त्यांचा दारूगोळा, वैमानिक, उपकरणं असं सगळं वजन पुढे असतं. प्लॅस्टिकच्या मॉडेलमध्ये नाक पोकळ असतं, आणि मागे उंच उभा पंख, त्यावर आडवी शेपटी, लांबट धड. प्लॅस्टिक सगळीकडे सारखंच, म्हणून जिकडे आकार जास्त तिकडे वजन जास्त.

पण "जुनी गोष्ट आहे" म्हटल्याने कारण सापडत नाही. बांधणाऱ्याने तोल पाहिला होता. मग काय बदललं?

काकांनी त्याला टेपने जोडून पाहिलं तेव्हा काय काय लावलं होतंस ते आठवून सांगायला लावलं. आडवी शेपटी लावली नव्हती. ती नाजूक, टेपवर राहत नव्हती. रेझिनचा नळ आत नव्हता. तो रंगवून नंतर मागून बसवायचा होता. दोन्ही भाग हलके. पण मिग-१५ ची आडवी शेपटी उभ्या पंखाच्या वरच्या भागात, अगदी मागे असते, आणि नळ तर धडाच्या टोकाला. चाकांपासून इतक्या लांब ठेवलेला एकेक ग्रॅम किती ओढतो याचा हिशेब कुणी केला नव्हता.

हिशेब साधा आहे. वजन गुणिले चाकांच्या आसापासूनचं अंतर. समजा शेपटीकडे एकूण १०० ग्रॅम-सेंटिमीटर ओढ आहे. नाकात आसापासून ५ सेंटिमीटरवर वजन ठेवलं तर २० ग्रॅम लागतील. तेच वजन जागेअभावी अडीच सेंटिमीटरवर ठेवावं लागलं तर ४०. आणि चाकांपासून ८ सेंटिमीटर मागे ३ ग्रॅमचा नळ लावला तर तो एकटा २४ ग्रॅम-सेंटिमीटर ओढतो, म्हणजे पुढे ५ सेंटिमीटरवर जवळपास ५ ग्रॅमची भर घालावी लागते. हे आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, पण प्रमाण असंच चालतं.

किटमधला नळ पातळ भिंतीचा होता. रेझिनचा भाग ओतीव, जाड भिंतीचा. सूचनापत्रकातलं वजनाचं चिन्ह काढणाऱ्याने किटमधलाच नळ धरला असणार. आम्ही नळाची चर्चा केली ती तपशिलाच्या अंगाने, आणि वजनाची केली ती घाईत, वेगळ्या बैठकीत, वेगळ्या तोंडांनी. दोन्ही गोष्टी एका धडाच्या दोन टोकांना बसणार आहेत, हे टेबलाभोवतीच्या कुणाच्याही डोक्यात एकत्र आलं नाही.

माझ्या मते प्रकरणाचा गाभा इथे आहे. गटातलं बोलणं आपोआप तिकडे वाहतं जिथे मत असणं सोपं आहे. रंग डोळ्यांना दिसतो, त्याबद्दल प्रत्येकाला काहीतरी वाटतं. वजन मोजावं लागतं, आणि मोजण्यासारखी गोष्ट मांडीवर घेऊन बोलता येत नाही. त्यात एक गंमत नसलेली, नुसती त्रासदायक गोष्ट अशी की परतीचा रस्ता नेमका उलट्या बाजूला असतो. अ‍ॅक्रिलिक रंग आयसोप्रोपिल अल्कोहोलने उतरतो, इनॅमल व्हाइट स्पिरिटने. धातूच्या रंगाचा थर बिघडला तर घासून पुन्हा मारता येतो. पण पातळ सिमेंट पॉलिस्टायरीन विरघळवून दोन भाग एकजीव करतं. तिथे सांधा उरतच नाही, मग उघडणार काय? आम्ही बैठकांमागून बैठका परत फिरता येणाऱ्या टप्प्यावर घालवल्या आणि परत न फिरता येणारा टप्पा घरी, एकट्याने, दोन बैठकांच्या मधे उरकला गेला.

गोंदाचा दुसरा धोका

विमान शेपटीवर बसलं तेव्हा पहिला सूर "थोडं वजन वाढवू या" असाच होता. काकांनी मॉडेल कानाशी धरून हलवलं. आतून छर्ऱ्यांचा आवाज आला. पांढरा गोंद बंद पोकळीत सुकलाच नव्हता. हवा लागल्याशिवाय त्यातलं पाणी जाणार कुठे?

यावर संदर्भवाला पहिल्यांदा गंभीर झाला. तो म्हणाला की छर्रे सैल आहेत हे नशीबच, कारण शिसं आणि पांढरा गोंद एकत्र ठेवणंच चुकीचं. या गोंदातून अ‍ॅसिटिक आम्लाचा अंश सुटत राहतो. आम्ल, दमटपणा आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड मिळून शिशाचं हळूहळू पांढऱ्या कार्बोनेटमध्ये रूपांतर करतात, आणि त्या पांढऱ्या भुकटीला मूळ शिशापेक्षा जास्त जागा लागते. रेल्वे इंजिनांची मॉडेलं करणाऱ्यांना हे चांगलं माहीत आहे: वजनासाठी शिसं भरून पांढऱ्या गोंदाने बसवलेली इंजिनं काही वर्षांनी फुगतात आणि अंगावरचे सांधे फाटतात. जहाजांच्या जुन्या मॉडेलांत शिशाचे छोटे भाग बंद कपाटातल्या लाकडाच्या आम्लाने पांढरे पडून झडतात, तेही याच जातीचं दुखणं. आज सफाईदार दिसणारं मिग उद्या कॉकपिटपासून उकललं असतं, आणि तेव्हा कारण कुणाला आठवलं नसतं.

ज्या सदस्याने गोंदाचा सल्ला दिला होता त्याने तो स्वतः कितीतरी मॉडेलांत वापरला होता. तो गप्प झाला. त्याने परत जाऊन आपली जुनी मॉडेलं एकेक करून पाहिली, आणि पुढच्या वेळी त्यांतल्या दोघांच्या पोटाला केसाएवढी फट पडल्याचं सांगितलं. ती फट गोंदामुळे की सांधा मुळात कच्चा म्हणून, हे उघडल्याशिवाय कळणार नाही. पण त्याने ते सगळ्यांसमोर ठेवलं, आणि गटासाठी या सगळ्या प्रकरणातली मला ती सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

त्यामुळे निर्णय बदलला. आता वजन वाढवणं पुरेसं नव्हतं. आतलं काढायलाच हवं होतं.

उघडायचं कुठून

पर्याय बरेच निघाले. शेपटीखाली पारदर्शक काडीचा टेकू, हा सर्वांत सोपा, आणि बांधणाऱ्याला सर्वांत नावडता. पाटावर चाकं चिकटवून टाकणं, म्हणजे मॉडेल पुन्हा हातात घेता येणार नाही. चाकं आत घेऊन, दारं बंद करून विमान उडत्या अवस्थेत स्टँडवर लावणं, हा काकांचा आवडता पर्याय. त्यांच्या मते लढाऊ विमान हवेतच शोभतं. पंखांखालच्या जादा टाक्या लावून त्यांच्या टोकात वजन भरणं ही एक चांगली युक्ती आहे, कारण टाकीचं तोंड मुख्य चाकांच्या पुढे येतं. पण तिथे अंतर कमी मिळतं, शिवाय हे विमान टाक्यांशिवाय दाखवायचं ठरलं होतं. आणि यातल्या कशानेही आतलं शिसं बाहेर येत नव्हतं.

काकांनी मॉडेल उलटं करून बराच वेळ पाहिलं. मग नाकाच्या चाकाच्या खळग्यात बोट ठेवून म्हणाले, "हे छप्पर कुणाला दिसतं रे?"

कुणालाच दिसत नाही. चाकाचा पाय, दारं आणि सावली यांमागे ते झाकलेलं असतं. त्याच्या वरच नेमकी ती पोकळी होती. बांधणाऱ्याने हाताने फिरवायच्या बारीक ड्रिलने छपराच्या कडेने ओळीने भोकं पाडली, मधलं प्लॅस्टिक धारदार पात्याने कापून काढलं, आणि ड्रॉपरने कोमट पाणी सोडलं. ओला गोंद आणखी सैल झाला. छर्रे चिमट्याने आणि हलवून हलवून बाहेर आले. त्याने हातमोजे घातले होते. शिशाला उघडे हात लावू नयेत, लागलेच तर धुवावेत, आणि शिसं कोरडं घासू नये. पोकळी पाण्याने धुऊन पूर्ण सुकू दिली. इथे घाई केली नाही.

मग कशाने भरायचं. टंगस्टनचे मणी आणू या, असं हौशी सदस्य म्हणाला: शिशाची घनता दर घन सेंटिमीटरला ११.३ ग्रॅम, टंगस्टनची १९.३. ऐकायला फरक प्रचंड वाटतो. काकांनी दुसऱ्या बाजूने विचार केला. गोल दाणे कितीही हलवून बसवले तरी मधल्या फटी राहतातच, साधारण ६४ टक्के जागा भरते. म्हणजे शिशाचे छर्रे भरले तर त्या जागेची खरी घनता ७.२ च्या आसपास, टंगस्टनचे मणी भरले तर १२.४ च्या आसपास. आणि शिशाचा पत्राच ठोकून पोकळीच्या आकाराच्या पट्ट्या केल्या, एकावर एक रचल्या, तर ११.३ च्या जवळ जाता येतं. छर्ऱ्यांच्या मानाने त्याच जागेत दीडपट वजन, विशेष काही विकत न आणता.

पट्ट्या काकांनी घडवल्या. छपराच्या भोकातून जातील इतक्या अरुंद, आत गेल्यावर एकमेकींवर सपाट बसतील अशा. मी पाहत होतो. प्रत्येक पट्टी आधी कागदाची कापून आत बसते का ते पाहायचे, मग शिशाची. दोन भाग मिसळायच्या इपॉक्सीने त्या पक्क्या केल्या. छपराच्या जागी प्लॅस्टिक शीटचा तुकडा बसवला, रंगवला. तो कुठे बसवला आहे हे माहीत असूनही दिसत नाही.

राहिला रेझिनचा नळ. तो काढू या असं म्हणायला सगळे कचरत होते, कारण सुचवणारा समोर बसला होता आणि भाग सुंदर होता. त्यानेच विषय काढला. "मी सांगितला होता, मीच काढतो." नळ सुपरग्लूने लावलेला होता. सुपरग्लूचा सांधा ठिसूळ असतो, थंडीने आणखी ठिसूळ होतो. मॉडेल काही वेळ फ्रीझरमध्ये ठेवून बाजूने हलका टोला दिला, नळ सुटला. त्याने तो फेकला नाही. आतली बाजू ओल्या पॉलिश पेपरने घासत घासत भिंत पातळ केली, कड्या शाबूत ठेवल्या आणि तोच नळ परत बसवला. रेझिनची धूळ नाकात जाऊ नये म्हणून ओलं घासणं महत्त्वाचं. हा भाग निम्म्याहून हलका झाला, आणि दिसायला पहिल्यापेक्षाही बरा, कारण टोकाची कड आता पत्र्यासारखी बारीक होती. १/४८ मध्ये अर्ध्या मिलिमीटरची जाडी म्हणजे खऱ्या विमानावर २४ मिलिमीटर. आधीची कड तशी जाड दिसतच होती.

या वेळी तोल सगळ्यांसमोर पाहिला. आडवी शेपटी, नळ, चाकं, कॅनोपी (कॉकपिटवरची काच), एकूण एक भाग जागेवर, आणि थोडं वजन मुद्दाम जास्त. किती जास्त यावर काकांनी लगाम घातला. प्लॅस्टिकचे पाय जादा वजनाखाली महिनोन् महिने उभे राहिले की वाकतात. म्हणून मुख्य पायांत पितळी तारेचा कणा घातला, आणि वजन टेबल हलकंसं हाललं तरी नाक उचललं जाणार नाही एवढंच ठेवलं.

चमच्यांवर मिटलेला वाद

रंगाचं राहिलंच. ज्या प्रश्नाने इतका वेळ घेतला तो एका बसणीत सुटला. ताईने प्लास्टिकच्या चमच्यांच्या पाठीवर चकचकीत काळा बेस मारला, कारण अ‍ॅल्युमिनियमचे लॅकर रंग गुळगुळीत काळ्यावर खुलतात. एका चमच्यावर झळझळीत अ‍ॅल्युमिनियम, एकावर मध्यम, एकावर मध्यम आणि वर अर्धचकचकीत पारदर्शक थर. एरवी धातूच्या रंगावर पारदर्शक थर मारला की चमक मरते म्हणून लोक हळहळतात. इथे तेच हवं होतं. खऱ्या विमानावरही लॅकरच होता. तिसरा चमचा किम्पोच्या छायाचित्राशेजारी धरला, आणि कुणालाच वाद घालावासा वाटला नाही.

मॉडेलचं अंग मात्र चमच्यापेक्षा हट्टी निघालं. धातूचा रंग सांध्यावरचा प्रत्येक ओरखडा दाखवतो. ०.०५ मिलिमीटरचा ओरखडा या प्रमाणात जवळपास अडीच मिलिमीटरचा चरा होतो. ६०० पासून २००० नंबरपर्यंत पायऱ्या न गाळता घासणं, प्रायमर, पुन्हा घासणं, मग काळा, मग कमी दाबाने पातळ थर. २०५७ चे लाल आकडे गुळगुळीत पृष्ठावर बसल्यामुळे डीकलखाली (पाण्यात भिजवून लावायच्या चित्रपट्टीखाली) हवा अडकून पांढरटपणा आला नाही.

मॉडेल तीन चाकांवर उभं आहे.

पुढचं काम

यानंतर गटात नियम करायचा विषय निघाला. कुणी म्हणालं, बैठकीत आधी काम, मग गप्पा. काकांना ते मुळीच पटलं नाही. "बोलणं तोडलंत तर येणार कोण? आणि गोंदाची गोष्ट गप्पांतूनच निघाली ना?" मी त्यांच्या बाजूचा आहे. गोंदाचं रसायन, खळग्याचं छप्पर, ६४ टक्क्यांचा हिशेब, यांतलं काहीही एकट्या बांधणाऱ्याला घरी सुचलं नसतं. शेवटी ठरलं ते एवढंच: धड बंद करायच्या आधी मॉडेल टेपवर जोडून, राहिलेला प्रत्येक सुटा भाग ब्लू टॅकने (पुन्हा काढता येणाऱ्या चिकट लुगदीने) त्याच्या जागी लावून टेबलावर आणायचं, आणि ते टेबलावर असेपर्यंत रंगाबद्दल बोलायचं नाही. रंग नंतर, हवा तितका.

बांधणाऱ्याने पुढचं किट घेतलं ते ग्लॉस्टर मिटिऑर एफ.८ चं, ऑस्ट्रेलियाच्या ७७ स्क्वाड्रनचं. याच विमानांची १९५१ मध्ये कोरियाच्या आकाशात मिग-१५ शी गाठ पडली होती. मिटिऑरही मॉडेलमध्ये शेपटीवर बसण्याबद्दल प्रसिद्ध. पण त्याची इंजिनं पंखांत असल्यामुळे वजनाला नाकाखेरीज दुसरी जागाही मिळते.

खोकं उघडलं तेव्हा ताई रंगाच्या पत्रकाकडे वळलीच होती. बांधणाऱ्याने धड आणि इंजिनांच्या नळकांड्या टेबलावर ठेवल्या, पट्टी घेतली आणि मुख्य चाकांच्या आसावर पेन्सिलीने रेघ ओढली.

"काका, या रेघेच्या पुढे पोकळ जागा कुठे कुठे आहे, तेवढं आधी सांगा."

काकांनी चष्मा वर सरकवला. "नाक. दोन्ही इंजिनांची तोंडं. पोटाखालची टाकी लावणार आहेस का?"

"लावणार आहे."

"मग तिचं टोकही. आण इकडे, मोजू."